खाडीकाठची गावं फोटोत कधी आली

ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कोळीवाडे, कौलारू घरं, तलाव, किल्ल्यांचे उरलेले बुरूज यांचे फोटो काढत फिरणारी बरीच तरुण मंडळी आता दिसतात. याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या भागातल्या रोजच्या जगण्याचे जुने फोटो शोधायला गेलं की फारच थोडं हाती लागतं. कॅमेरा तर इथे दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे. मग तो शेतावर आणि खाडीवर का पोहोचला नाही?

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. त्या काळी काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत काच धुवायची, अशी पद्धत होती. फोटो उमटायला काही सेकंद लागत आणि तेवढ्यात कोणी हललं तर नुसता धुरकट डाग उरे. लावणी करणारी बाई किंवा जाळं फेकणारा कोळी या तंत्राला पेलणारा नव्हता. देऊळ आणि पूल मात्र जागचे हलत नव्हते.

मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. ठाण्याच्या खाडीवरच्या रेल्वेपुलाचा त्याच दशकातला फोटो आजही पाहायला मिळतो. पुढे १८६८ मध्ये मुंबई सरकारने अंबरनाथच्या शिवमंदिराची रेखाटनं, साचे आणि छायाचित्रं करवून घेतली. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं हे मंदिर सरकारच्या लेखी नोंद ठेवण्याजोगं होतं. भोवतालच्या शेतांचा आणि पाड्यांचा असा विचार कोणी केला नाही.

माणसांचे फोटो निघाले, पण वेगळ्या हेतूने. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात इथल्या जातीजमातींचे संग्रह प्रसिद्ध केले. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढून ते दुसऱ्याच जागेच्या दृश्यावर बसवलेले आहेत. पोशाख, दागिने, हातातली अवजारं सगळं नीट दिसतं, पण माणूस आपल्या अंगणात उभा नाही. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये भातशेती, मिठागरं, मासेमारी यांचं बारीक वर्णन आहे, मात्र ते सारं शब्दांत.

पुढची कित्येक दशकं फोटो म्हणजे स्टुडिओ. घरचे सगळे ठेवणीतले कपडे घालून शहरात जात आणि रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहत. १९६० नंतर ॲग्फा क्लिक थ्रीसारखे साधे कॅमेरे मध्यमवर्गीय घरांत आले. एका रोलमध्ये बारा फोटो, वर धुलाई आणि प्रिंटचा खर्च. अशा मोजक्या फोटोंतला एखादा आवणीवर किंवा मळणीवर कोण घालवणार? तो हळदीला, लग्नाला, बारशाला राखून ठेवलेला असे.

म्हणूनच मला या भागातले लग्नाचे अल्बम सगळ्यात मोलाचे वाटतात. नवरानवरी मधे उभी असतात, आणि त्यांच्या मागे पडवी दिसते, खळं दिसतं, पेंढ्याची उडवी, कौलं, भिंतीला टेकवलेली वल्ही दिसतात. कोणी मुद्दाम न टिपलेलं गाव तिथे सापडतं.

१७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्यातली बरीच शेती खाजणातली होती. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी, म्हणजे फळीचं दार, ठेवायची. भरतीला ती बंद, ओहोटीला उघडी, म्हणजे खारं पाणी आत येत नाही आणि पावसाचं पाणी बाहेर पडतं. बांध फुटला तर सगळ्या गावाने धावायचं. पाणी, शेती आणि मासळी यांचा मेळ घालणारी ही व्यवस्था आगरी-कोळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. सातबाऱ्यावर क्षेत्र आणि पीक सापडेल, पण उघाडीची फळी कशी बसवायची ते सापडणार नाही. तिथे एक साधा फोटो किती कामाचा ठरला असता!

या जमिनींसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलकांनी प्राण दिले आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना आली. अलीकडे विमानतळासाठी दहा गावं हलली. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला. तोपर्यंत गावातल्या पोरांच्या हातात मोबाइल आले होते. त्यामुळे कोंबडभुजे, चिंचपाडा, तरघर या गावांचे शेवटचे दिवस तिथल्याच लोकांनी टिपले. वाशी-नेरुळच्या आजोबांना ही संधी मिळाली नव्हती.

ठाणे खाडी आता फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. लांब लेन्स घेऊन आलेल्यांनी त्याच चिखलात निवट्या नि चिंबोऱ्या पकडणाऱ्यांकडेही कॅमेरा वळवावा, त्यांना विचारून, त्यांचं नाव आणि गाव लिहून घेऊन. चेंदणी कोळीवाड्यापासून दिवाळ्यापर्यंत अशी माणसं अजून कामावर आहेत.

जुन्या फोटोंच्या बाबतीत मात्र वेळ थोडा आहे. साठच्या दशकातले कृष्णधवल प्रिंट त्यातल्या चांदीमुळे बरेच टिकले आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत प्रिंट लालसर होत फिकट पडत चालले आहेत, तेव्हा स्कॅन करायला आधी तेच घ्यायला हवेत. त्यांतला बांध कुठला, मागचं घर कुणाचं हे सांगू शकणारी, भूसंपादनाआधी स्वतः शेतात राबलेली पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. अल्बम उघडताना त्यांना शेजारी बसवावं आणि ते सांगतील ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने लिहून ठेवावं.