गिटारच्या मानेचे घासकाम व पॉलिश

हाताने घडवलेल्या गिटारच्या मानेची पाठ गुळगुळीत करून तिच्यावर संरक्षक लेप चढवण्याची प्रक्रिया. कारागीर व वादक मानेला सर्रास ‘नेक’ म्हणतात.

रंधा व कानशीने आकार आल्यावर ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरपासून चढत्या क्रमाने ३२० पर्यंत (क्रमांक जितका मोठा तितका पेपर बारीक), नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासतात. मधला क्रमांक गाळल्यास आधीचे ओरखडे राहतात आणि पॉलिश चढल्यावरच डोळ्यांत भरतात. शेवटच्या पेपरआधी ओले फडके फिरवून लाकडाचे तंतू उठवतात व वाळल्यावर हलक्या हाताने छाटतात. मान खोक्याला मिळते त्या टाचेशी तंतूंची टोके उघडी पडून लेप जास्त शोषतात. तेथे आणखी बारीक पेपर लागतो. अर्धा मिलिमीटर लाकूड जादा गेले तरी वादकाच्या अंगठ्याला कळते, म्हणून हे काम यंत्रावर न सोपवणेच योग्य.

लेपांपैकी लाखेच्या पॉलिशचा उगम वादग्रस्त आहे. बोळ्याने पातळ थर चोळत चढवण्याची पद्धत, म्हणजे फ्रेंच पॉलिश, १९व्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये रूढ झाली असे सामान्यतः मानतात. तथापि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे वार्निश इंग्लंडमध्ये १७व्या शतकाच्या उत्तरार्धातच माहीत होते. त्यामुळे द्रव्य जुने व चोळण्याची रीत नंतरची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अथर्ववेदातील लाक्षासूक्तापर्यंत (५.५) हा धागा नेण्याचा मोह होतो, परंतु तेथे लाक्षा जखम भरणारी औषधी म्हणून येते, लाकडावरील लेप म्हणून नव्हे.

सुमारे १०० ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, अर्धा लिटर स्पिरिटमध्ये विरघळवतात. मलमलीत कापूस गुंडाळलेल्या बोळ्याला तेलाचा थेंब लावतात, म्हणजे तो चिकटत नाही. घामाने हा लेप झिजतो; मात्र नवा थर जुन्यात विरघळून मिसळत असल्याने डागडुजी सोपी जाते. काही जण त्याऐवजी जवसाचे तेल चोळतात. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात. त्या पसरूनच वाळवाव्यात.

पुण्यात लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये, तर पेपर व चपडा रविवार पेठेतील बोहरी आळीत मिळतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंडावतो, त्यावर बाष्प धरते व पॉलिश पांढुरके पडते. म्हणून ते काम उघडीप पाहून, दुपारी करतात.