काटकुळी रोपे (टोमॅटो)

घरात, कमी उजेडाच्या जागी उगवलेली टोमॅटोची रोपे उंच, बारीक खोडाची आणि फिकट पानांची होतात, त्यांना काटकुळी रोपे म्हणतात. चांगले रोप 25 ते 30 दिवसांत 12 ते 15 सेंमी. वाढते, खोड ठसठशीत असते आणि दोन पानांमधले अंतर कमी असते. काटकुळे रोप तीच उंची कितीतरी आधी गाठते आणि पाणी घालताना आडवे पडते. हा रोग नव्हे, बियाण्याचा दोषही नव्हे. ही उजेडाची भूक आहे.

मराठवाड्यात हे दृश्य दरवर्षी घरोघर दिसते, फक्त टोमॅटोत नव्हे. नवरात्रात देवापुढे घट बसतो, त्याभोवती वावरातली माती पसरून गहू, ज्वारी पेरतात. देवघराच्या मंद उजेडात नऊ दिवसांत वीतभर पिवळे धान उभे राहते आणि दसऱ्याला ते टोपीत, कानावर खोवले जाते. वनस्पतिशास्त्रात या वाढीला इटिओलेशन म्हणतात. घटातले धान दसऱ्याला उचलायचेच असते. टोमॅटोच्या रोपाला मात्र पुढे चार महिने वाऱ्या-पावसात उभे राहायचे असते.

अंधारात उगवलेल्या अंकुराला मातीतून बाहेर पडायची घाई असते. पाने आणि हरितद्रव्य यांवर खर्च न करता तो साठवणीतले सगळे अन्न खोड लांबवण्यात घालतो. उजेड आला की फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य तो ओळखते आणि ही धाव थांबते. उजेड अपुरा असेल, किंवा शेजारच्या पानांतून गाळून आलेला असेल, तर थांबण्याचा इशारा पुरेसा मिळत नाही. त्यामुळे एकाच डब्यात दाट पेरलेली रोपे चांगल्या उजेडातही एकमेकांशी चढाओढ करत उंच जातात. ऊब आणि जास्तीचे पाणी त्यात भर घालतात. चुलीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेला ट्रे म्हणूनच सर्वांत लवकर बिघडतो.

बहुतेक नुकसान उगवणीनंतरच्या तीन-चार दिवसांत होते. बी उगवायला उजेड लागत नाही, म्हणून पेरल्यावर ट्रे पोत्याने किंवा प्लास्टिकच्या कागदाने झाकतात, आणि ते योग्यच आहे. पण पहिले वाकडी मान घातलेले अंकुर दिसताच झाकण काढावे लागते. ‘अजून सगळे उगवू देत’ म्हणून दोन दिवस थांबले की आधी उगवलेली रोपे हातची गेली. बीजदलांखालचा (बियाण्यातून निघालेल्या पहिल्या दोन पानांखालचा) लांबलेला दांडा नंतर कधीही आखूड होत नाही.

घराची ठेवण आणि ऋतू यांचा येथे जवळचा संबंध आहे. जुन्या माळवदाच्या घरांत भिंती जाड, खिडक्या लहान. आतल्या खोलीत छतातल्या साण्यातून पडणारा उजेड माणसाला पुरतो, रोपाला नाही. फ्लॅटमध्ये लोक दक्षिणेची खिडकी निवडतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलता जातो, तेव्हा ती निवड बरोबर ठरते. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मात्र मराठवाड्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो आणि दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही. त्यातच मृगाचे ढग. खरिपासाठी याच काळात रोप टाकतात, म्हणून घरातली सर्वाधिक काटकुळी रोपे जूनमध्ये दिसतात. बाराही महिने भरवशाची म्हणावी ती पूर्वेची खिडकी.

खरे तर येथे टोमॅटोचे रोप खोलीत वाढवण्याचे कारण क्वचितच असते. थंड देशांत बाहेर बर्फ असतो म्हणून रोपे घरात ठेवावी लागतात. मराठवाड्यात रोपाला वाचवायचे असते ते उन्हाच्या झळा, गारपीट, शेळ्या, कोंबड्या आणि विषाणू पसरवणारी पांढरी माशी यांपासून. त्यासाठी ओसरी किंवा गच्चीवरचे शेडनेट, वरून बारीक जाळी, एवढे पुरते. दिव्याखालीच वाढवायचे असेल तर साधी पांढरी एलईडी नळी रोपांपासून वीतभर उंचीवर 14 ते 16 तास लावावी. चोवीस तास उजेड टोमॅटोला सोसत नाही, पाने पिवळी पडतात.

फिकट पाने पाहून युरियाचे पाणी देण्याची चूक फार होते. नत्राने खोड आणखी धावते आणि आणखी लुसलुशीत होते. त्याऐवजी दाटी विरळ करावी, वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे आणि रोपे उजेडात आणावीत, पण हळूहळू. पहिल्या दिवशी सकाळचे कोवळे तासभर ऊन, मग रोज थोडे वाढवत आठ-दहा दिवसांनी पूर्ण ऊन. एकदम बाहेर ठेवलेली पाने पांढरी पडून करपतात. दिवसातून दोन-तीनदा शेंड्यांवरून हलका हात फिरवला, किंवा पंख्याची मंद झुळूक मिळाली, तरी खोड जाड होते. हालचाल जाणवली की रोप उंचीचा वेग कमी करते.

लांबलेले रोप फेकू नये. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलेल्या भागावर आगंतुक मुळे फुटतात, हे या पिकाचे मोठेच औदार्य आहे. मिरचीचे खोड इतक्या सहज मुळे धरत नाही. खालची पाने काढून, शेंड्याची चार-पाच पाने वर ठेवून बाकीचे खोड मातीत घ्यावे. कुंडीत हे सरळ जमते. काळ्या चिकण मातीत मात्र खोल उभा खड्डा घेऊ नये, पावसात तिथे पाणी साचते आणि खोड कुजते. अशा जमिनीत वरंब्यावर उथळ चर काढून खोड तिरपे आडवे निजवावे, शेंडा अलगद वर वळवावा. दोन दिवसांत तो आपोआप उभा होतो. कलमी रोप असेल तर जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या कलमाला मुळे फुटून खुंटाचा उपयोग संपतो. बुंध्याशी काळी पडून चिमटलेली रोपे ही वेगळी गोष्ट आहे. ती बुरशीने होणारी मर असते आणि ती रोपे मातीसकट काढून टाकावी लागतात.

लागवड संध्याकाळी करावी. पहिले चार-पाच दिवस दुपारी कडुलिंबाच्या डहाळ्यांची सावली धरावी आणि शेंड्याला नवे गडद हिरवे पान दिसले की ती काढावी.