सेन्सेक्स आणि अर्थव्यवस्था : मोहोर वेगळा, आंबा वेगळा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळलं. आमच्या दापोलीकडच्या वाडीत पोफळी कमरेतून मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, विहिरीत झावळ्यांचा खच पडला. त्याच संध्याकाळी सेन्सेक्स चढून ३४ हजारांवर बंद झाला. आठवड्याने फोन लागला, तेव्हा मुंबईचा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, बाजार सावरलाय, आता देशाचंही बस्तान बसेल." धीर द्यायलाच बोलला तो. पण ही गल्लत इतक्या जणांची होते की एकदा नीट उलगडून सांगावीशी वाटते.

सेन्सेक्स हा मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या, म्हणजे मालकीच्या वाट्यांच्या, भावांवरून काढलेला आकडा. १९७८-७९ ची पातळी १०० धरून तो मोजतात. अर्थव्यवस्था म्हणजे देशात खरोखर जे पिकलं, बनलं, विकलं गेलं, ज्याची मजुरी मिळाली ते सगळं. हर्णैच्या बंदरावरची मासळी त्यात येते, भातशेती येते, रिक्षा येते. सेन्सेक्सच्या ३० नावांत यातलं कोणी नाही. तिथे बँकांचं वजन मोठं, आणि ज्या आयटी कंपन्या आहेत त्यांची बरीचशी कमाई परदेशातून येते.

आपल्याकडे व्यापारी पौष-माघात मोहोर बघून आंब्याच्या बागेचा सौदा करतो. तो बोलतो तो आकडा पुढच्या पिकाच्या अंदाजाचा. वैशाखात झाडावरून उतरतो तो आंबा. शेअरचा भाव म्हणजे मोहोरावरची बोली. जीडीपी, म्हणजे देशातल्या एकूण उत्पादनाच्या मोलाचा आकडा, हा उतरलेला आंबा, आणि तोही पेट्या भरून झाल्यावर मोजलेला.

म्हणून २०२० मध्ये दोघं उलट्या दिशेने गेले. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळून २५,९८१ वर आला. मग रिझर्व्ह बँकेने मे महिन्यात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला, कर्ज स्वस्त झालं, आणि मोठ्या कंपन्या यातून तगतील असा अंदाज बांधून लोक खरेदीला लागले. एप्रिल ते जून या तिमाहीत जीडीपी मात्र पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटला. जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सने ५० हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हा आमच्याकडे नव्या पोफळीची रोपं गुडघ्याएवढीही नव्हती.

"एका दिवसात इतके लाख कोटी बुडाले" ही बातमीही अशीच फसवते. हर्णैच्या लिलावात शेवटच्या टोपलीला लागलेल्या भावाने सगळ्या होड्यांतलं पापलेट गुणलं, तर येणारी रक्कम कोणाच्या खिशात नसते. बाजारमूल्यही तसंच काढतात, शेवटचा भाव गुणिले सगळे शेअर. भाव पडला की हिशेबातला आकडा पडतो. ज्याने त्या दिवशी विकलं, त्याचं नुकसान मात्र खरंच.

आणखी एक गैरसमज मला जास्त खुपतो. शेअर घेतला की पैसा कंपनीला मिळतो, असं पुष्कळांना वाटतं. नवीन शेअर कंपनीने काढले असतील तरच तो तिला मिळतो. एरवी तो आधीच्या मालकाला जातो, जुनी होडी घेतली की पैसे विकणाऱ्याला मिळतात, बांधणाऱ्या सुताराला नाही, तसं.

कोकण रेल्वे आठवा. १९९० साली महामंडळ झालं, केंद्र आणि चार राज्यांनी भांडवल घातलं आणि बाकीचा मोठा पैसा रोखे, म्हणजे व्याजासह परत करायच्या कर्जाचे कागद, विकून उभा केला. त्या पैशातून साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा खोदला गेला, १९९८ साली पूर्ण मार्गावर गाड्या धावल्या. असे रोखे पुढे हातोहात विकले गेले तरी बोगदा वीतभरही लांबत नाही. मात्र हेही तितकंच खरं की नड आली तर कागद विकता येईल, या भरवशावरच माणूस पहिल्यांदा पैसे घालायला तयार होतो.