वय पंधरा, वॉर्ड कुठला? मुलांच्या मानसिक इमर्जन्सीची पार्श्वभूमी

फेब्रुवारी-मार्च आला की कॅज्युअल्टीत एक केस हमखास यायची. दहावीतली मुलगी, दातखीळ बसलेली, हातपाय ताठ, आईने रिक्षाभर नाकाशी कांदा धरलेला त्यामुळे दोघींच्या अंगाला कांद्याचा वास, मागून मामा आणि शेजारचे एक काका, आणि त्यातला कोणीतरी हळूच विचारणार की मॅडम बाहेरचं तर काही नाही ना. ही नेहमीची फिट नाही, मनाच्या ताणातून आलेली आहे, हे हाउसमनच्या (ड्युटीवरच्या ज्युनियर डॉक्टरच्या) पटकन लक्षात यायचं आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू व्हायची. वय किती, पंधरा. पेडियाट्रिकवाले म्हणणार आमच्याकडे बारापर्यंतच, मेडिसिनवाले म्हणणार हिला मेडिकली काही नाही आणि बेडही नाही, सायकिॲट्रीला रेफरन्स लिहिला जाणार पण तो बघितला जाणार सकाळी. तोवर मुलगी स्ट्रेचरवर आणि आई स्टुलावर. मी सोशल वर्कर, माझी ड्युटी नऊची, त्यामुळे ही मंडळी मला रात्र काढून झाल्यावरच भेटायची.

सुरुवातीला मला वाटायचं की डॉक्टर टोलवाटोलवी करतात. थोडी करतातही, खोटं कशाला बोलू. पण जुने कायदे वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की या मुलीसाठी जागा कधी आखलीच गेली नव्हती. आपल्याकडे दोन रस्ते तयार झाले, एक कोंडून ठेवायचा आणि एक बोलून बरं करायचा, आणि रात्री दोन वाजता आलेलं मूल या दोन्हींच्या मधे पडतं.

पहिला रस्ता सगळ्यांना माहीत आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. ही गावांची नावं मराठीत चेष्टेत कशी वापरली जातात ते वेगळं सांगायला नको, आजही समुपदेशन शब्द काढला की आई आधी विचारते, येरवड्याला तर नाही ना पाठवणार? या इस्पितळांचा कारभार १९१२ च्या ल्युनसी ॲक्टवर, म्हणजे वेडेपणाबद्दलच्या कायद्यावर चालायचा, भरती म्हणजे सर्टिफिकेट, मॅजिस्ट्रेट, कोर्टाचा हुकूम. सगळा विचार मोठ्या माणसाचा, ज्याच्यापासून समाजाला वाचवायचंय अशा माणसाचा. पंधरा वर्षांची घाबरलेली पोरगी त्यात कुठे बसणार?

दुसरा रस्ता मात्र आपल्या मुंबईतच सुरू झाला आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. नागपाड्यात १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं (तेच पुढे टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, झालं), आणि लगेच पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, त्यांनी चाइल्ड गाइडन्स क्लिनिक काढलं, देशातलं पहिलं. शाळेत न रमणारी, चोऱ्या करणारी, अंथरूण ओलं करणारी, हट्टी मुलं अशा क्लिनिकांत यायची, आणि डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर अशी टीम मिळून त्यांना बघायची. १९३८ मध्ये जेजेमध्ये डॉ. मसानींनी मानसिक आजारांची ओपीडी सुरू केली, म्हणजे जनरल हॉस्पिटलची दारंही उघडायला लागली. पण ओपीडी म्हणजे ओपीडी. अपॉइंटमेंट, केसपेपर, पुढच्या बुधवारी या. ज्या मुलाला पुढच्या बुधवारपर्यंत थांबणंच शक्य नाही त्याचं काय, हे त्या रचनेत नव्हतं, आणि तेव्हाच्या मानाने ते समजण्यासारखं आहे.

समजण्यासारखं नाही ते पुढचं. १९१२ चा कायदा बदलायला १९८७ उजाडलं, आणि नवा मेंटल हेल्थ ॲक्ट प्रत्यक्षात लागू व्हायला १९९३. त्यात सोळा वर्षांखालच्यांसाठी वेगळी मानसोपचार रुग्णालयं काढता 'येतील' असं म्हटलं होतं. काढावीत असं नाही, काढता येतील. सरकारी कागदात या दोन शब्दांमधे किती अंतर असतं ते ज्याने कधी ग्रँट मागितलीय त्याला विचारा.

आणि जीव द्यायचा प्रयत्न करून आलेलं मूल असेल तर त्यात पोलिसांची भीती. आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०९, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. आपल्या मुंबई हायकोर्टाने ८० च्या दशकात हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तसंच म्हटलं आणि १९९६ मध्ये त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठाने ते परत जिवंत केलं. अल्पवयीन मुलाला कोणी तुरुंगात टाकणार नव्हतं, पण हे रात्री कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या बापाला कोण सांगणार, त्याला एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) एवढंच ऐकू यायचं. मग काय, पाय घसरून पडली, चुकून झालं, अशी उत्तरं. खरी हिस्ट्री मिळायला मला दोन-दोन दिवस लागायचे, आणि ती बहुतेक वेळा आईकडून नाही तर मावशीकडून किंवा आजीकडून मिळायची, तीसुद्धा जिन्यात, चहा घेताना.

२०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१८ मध्ये लागू झाला, त्याने हे बरंच बदललं. कलम ११५ म्हणतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असं धरून चाला, त्याच्यावर खटला नको, सरकारने त्याची काळजी घ्यायची. जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३०९ सारखं सरसकट कलमच नाही (सरकारी नोकरावर दबाव आणायला असा प्रयत्न केला तर तेवढा गुन्हा ठेवलाय). आणि २०१७ च्या कायद्याचं कलम ८७ तर खास मुलांसाठी. भरती हा शेवटचा उपाय, एका सायकिॲट्रिस्टने आणि दुसऱ्या एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने वेगवेगळं तपासायचं, ७२ तासांत मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाला (या कायद्याखालच्या देखरेख मंडळाला) कळवायचं, मूल मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवायचं आणि पालक किंवा अटेंडंट पूर्ण वेळ सोबत हवा. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर बाई अटेंडंट. वाचायला इतकं छान वाटतं. आमच्याकडे वेगळं ठेवायचं म्हणजे हिरव्या कापडाचं पार्टिशन, आणि पास एकच, त्यामुळे आई वर असली की डबा घेऊन आलेले वडील खाली गेटवर.

खरं तर याच कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे जिवाला धोका असेल अशा मानसिक इमर्जन्सीत कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार सुरू करू शकतो, सायकिॲट्रिस्टची वाट बघायची गरज नाही. हे कलम मी किती हाउसमनना वाचून दाखवलं असेल. ऐकतात, मान हलवतात, रेफरन्स लिहितात.

फोनवरच्या हेल्पलाइनची गोष्ट वेगळी, ती जास्त आशेची आहे. १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी टिसचाच प्रकल्प म्हणून मुंबईत चाइल्डलाइन सुरू केली, रस्त्यावरच्या आणि स्टेशनवरच्या मुलांसाठी. नंबर १०९८, पण म्हणायचं दस-नौ-आठ, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या पोरालाही पाठ. २०१२ मध्ये टिसमधूनच आयकॉल ही समुपदेशनाची हेल्पलाइन निघाली. कोव्हिडमध्ये केंद्र सरकारची किरण ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आली आणि १० ऑक्टोबर २०२२ ला तशीच टेलिमानस, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. चाइल्डलाइन २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी यंत्रणेत गेली, ११२ या इमर्जन्सी नंबरला जोडली. पोलिसांच्या नंबरला जोडल्यावर घरातून पळालेलं पोर मोकळेपणाने बोलेल का, यावर तेव्हा बराच वाद झाला, आणि मी अजूनही त्या साशंक लोकांतच आहे.

आकड्यांचं विचाराल तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार आढळला. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. आणि वयोगट बघा, तेरा ते सतरा. म्हणजे नेमकी तीच मुलं जी पेडियाट्रिकच्या दारावरून परत येतात.

मागच्या मार्चमध्ये एका बाईंनी रात्री १४४१६ लावला होता, फोनवरच्या समुपदेशक मुलीने अर्धा तास धीर दिला आणि शेवटी सांगितलं की आता जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा, एकटं सोडू नका. बरोबरच सांगितलं. सकाळी मी पोचले तेव्हा त्या माय-लेकी स्ट्रेचरवर एकीकडे डोकं एकीकडे पाय करून झोपल्या होत्या, उशाला केसपेपर, आणि त्यावर तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन वॉर्डांची नावं, दोन खोडलेली.