अमेरिकी निवडणुकीची परिभाषा

अमेरिकी निवडणुकीच्या बातम्यांतले अनेक शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे असतात आणि नेमके तेच फसवतात. ‘काँग्रेस’ हा तिथे पक्ष नाही, संसद आहे: ४३५ सदस्यांचे प्रतिनिधिगृह (मुदत २ वर्षे) आणि १०० सदस्यांचे सिनेट (मुदत ६ वर्षे). ‘तिकीट’ म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची जोडी. दोघांना मिळून एकच मत द्यायचे असते. ‘फेडरल इलेक्शन कमिशन’ला तिथला निवडणूक आयोग समजू नये. त्याचे काम प्रचाराच्या पैशावर देखरेख ठेवण्याचे. मतदारयादी, मतपत्रिका आणि मतमोजणी राज्ये व त्यांच्या अखत्यारीतल्या काउंट्या (जिल्ह्यांसारखे विभाग) आणि शहरे पाहतात, म्हणून टपाली मतदानापासून ओळखपत्रापर्यंतचे नियम राज्यागणिक बदलतात.

सर्वांत मोठा फरक उमेदवारी ठरण्याच्या पद्धतीत आहे. तिथे तो निर्णय पक्षश्रेष्ठींच्या हातात नसतो. तो ‘प्रायमरी’त म्हणजे पक्षांतर्गत मतदानात होतो आणि ते मतदान सामान्य मतदार करतात. न्यूयॉर्क, फ्लोरिडासारख्या राज्यांत प्रायमरी ‘बंद’ असते: मतदारनोंदणीच्या वेळी ज्या पक्षाचे नाव लिहिले, त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. अशा नोंदणीला ना वर्गणी लागते ना पक्षाची संमती. मिशिगनमध्ये पक्षवार नोंदणीच नाही. तिथल्या ऑगस्टमधल्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि मतदाराने एकाच रकान्यात राहायचे असते. दोन्हीकडे खुणा केल्या तर पक्षीय लढतींतली त्याची सारी मते बाद होतात. ‘कॉकस’ म्हणजे पक्षाने भरवलेली स्थानिक सभा.

ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचे प्राबल्य असते, तिथे खरी निवडणूक प्रायमरीतच होऊन जाते. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले, ते असेच. डेमोक्रॅटिक प्रायमरीत उमेदवारांची गर्दी होती. मते फुटली आणि ३० टक्क्यांहून कमी मतांवर त्यांना उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरची लढत त्यामानाने सोपी होती.

राष्ट्राध्यक्षपदासाठी प्रायमरी आणि कॉकसमधून ‘डेलिगेट’ म्हणजे पक्षप्रतिनिधी ठरतात आणि ते पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडतात. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. त्यावरून उसळलेल्या संतापानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरींना आजचे वजन आले.

नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान होते, पण मतदार थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नाही. तो आपल्या राज्याचे ‘इलेक्टर’ निवडतो. या इलेक्टरांच्या समूहाला ‘इलेक्टोरल कॉलेज’ म्हणतात. मराठीतल्या ‘निर्वाचक मंडळ’ या प्रतिशब्दामुळे एखादी मोठी सभा डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हे मंडळ एकत्र कधीच बसत नाही. डिसेंबरमध्ये इलेक्टर आपापल्या राज्यात जमून मत देतात आणि ६ जानेवारीला काँग्रेस ती मते मोजते.

राज्याचे प्रतिनिधिगृहातले सदस्य अधिक २ सिनेटर, इतके त्याचे इलेक्टर. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाचे ५४ होते, वायोमिंगचे ३. राजधानी वॉशिंग्टनचे ३ धरून एकूण ५३८. विजयाला २७० लागतात. ४८ राज्यांत ज्याला सर्वाधिक मते, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. मेन आणि नेब्रास्का मात्र २ इलेक्टर राज्यभरातल्या मतांवर आणि बाकीचे मतदारसंघनिहाय देतात. म्हणून कॅलिफोर्नियात लाखोंचे मताधिक्य वाढले तरी एक इलेक्टरही वाढत नाही, आणि प्रचाराचा पैसा व वेळ ‘स्विंग स्टेट’कडे, म्हणजे कौल कोणत्याही बाजूला झुकू शकणाऱ्या राज्यांकडे वळतो. देशभरातल्या मतांची बेरीज करून निकालाचा अंदाज बांधणारे इथेच चुकतात. २००० मध्ये अल गोर यांना देशभरात ५ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली. पण फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे पडल्याने तिथले २५ इलेक्टर गेले आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश २७१ वर पोचले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्याही वाट्याला अधिक मते पण पराभवच आला.

कोणालाच २७० मिळाले नाहीत, तर राष्ट्राध्यक्ष प्रतिनिधिगृह निवडते, पण तेव्हा सदस्यागणिक मत नसते: प्रत्येक राज्याला एकच मत, आणि विजयाला २६ राज्ये लागतात. उपराष्ट्राध्यक्ष सिनेट निवडते, त्यामुळे अशा वेळी दोघे वेगवेगळ्या पक्षांचेही असू शकतात.