गाडी गेली ती पेट्रोलने की करंटने?

अनमोड घाटातल्या वरच्या वळणावर माझी जुनी मोटारसायकल बंद पडली, तेव्हा मी रस्त्याकडेला बसून कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडला. त्याची पेट्रोल साठणारी वाटी काढली, जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं असलेले तुकडे) काढले, फुंकर मारली, शर्टाच्या टोकाने पुसलं, परत बसवलं. पाऊण तास गेला. दुसऱ्या किकला गाडी चालू. मी स्वतःवर भलताच खूश! रामनगर यायच्या आत ती पुन्हा गेली. पुन्हा वाटी, पुन्हा फुंकर, पुन्हा चालू. खानापूरच्या अलीकडे तिसऱ्यांदा थांबली, तेव्हा लक्षात आलं की वाटीत कचऱ्याचा कणही सापडत नाहीये. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी इग्निशन कॉइल तापून गप्प होत होती आणि माझं पुसणं होईपर्यंत गार होत होती. कार्बोरेटरऐवजी मी शेजारी बसून शेंगदाणे खाल्ले असते, तरी गाडी तितकीच चालू झाली असती.

जुनी गाडी लांबच्या पल्ल्याला काढणाऱ्या बहुतेकांची फसगत इथेच होते. पेट्रोलचा बिघाड आणि करंटचा बिघाड (ठिणगीला मेस्त लोक, म्हणजे मेकॅनिक, करंटच म्हणतात) यांचं सोंग एकसारखं असतं. दोन्ही तासा-दोन तासांनी उगवतात, दोन्हींत गाडी मिसिंग मारते म्हणजे अडखळत चालते, आणि मुख्य म्हणजे गाडी उभी ठेवली की दोन्ही आपोआप बरे होतात. उभ्या गाडीच्या ज्या भागाला तुम्ही हात लावला असेल, श्रेय त्याला मिळतं. मग घरी येऊन तोच भाग नवा घालता आणि पुढच्या वेळी तिथेच अडकता.

गोव्यात हे कळणं आणखी अवघड. उत्तर-दक्षिण आपलं राज्य सगळं शंभर-एक किलोमीटरचं. पणजीतल्या पिवळ्या-काळ्या गाड्यांवरचे मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाले, दिवसभर धावतात खरे, पण बसस्टँड ते मार्केट, मार्केट ते कचेरी, आणि मधे सावलीत उभे. डिचोलीहून म्हापशाला रोज जाणारी गाडी वीस वर्षं बिनतक्रार चालते आणि आपण म्हणतो, एकदम टकाटक आहे. तिला सलग दोन तास ऐंशीच्या वेगाने कुणी पळवलेलंच नसतं.

एन्ड्युरन्स राइडला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सलग रपेटीला, नेमकं तेच करावं लागतं. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनची ‘सॅडलसोर’ म्हणजे २४ तासांत १,००० मैल, आपल्या हिशेबाने सुमारे १,६१० किलोमीटर. पेट्रोल, चहा, लघवी, टोलनाक्याजवळची गर्दी धरून ताशी ६७ची सरासरी पडते. चालत्या गाडीने तास-तासभर ऐंशी धरल्याशिवाय ती साधत नाही. बेळगाव गाठून मोठ्या हायवेला लागलात की बंगळूरच्या दिशेने पाचेकशे किलोमीटर हेच. वाटी किती वेगाने भरते आणि कॉइल किती तापते, हे दोन्ही प्रश्न तिथेच पहिल्यांदा विचारले जातात.

आता फरक. पेट्रोल तुटलेली गाडी हळूहळू मरते. आधी वरच्या वेगाला दम कमी पडतो, मग ओढ लागते-सुटते, एखाद फर्लांग धक्के खात ती थांबते. तिचा जीव जात असतानाच चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) ओढून बघा. क्षणभर जरी उचलली, तरी पेट्रोल कमी पडतंय. करंट गेलेली गाडी बहुतेक वेळा चावी फिरवल्यासारखी जाते. कधी आधी दोन-चार फटाके फोडते, कारण न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. चोक ओढून तिला काही फरक पडत नाही.

पण खरा साक्षीदार घड्याळ. पेट्रोलचा अडथळा असेल तर रिकामी वाटी मिनिटभरात थोडी तरी भरते, गाडी लगेच चालू होते आणि किलोमीटर-दोन किलोमीटर जाऊन पुन्हा मरते. कॉइल किंवा तिच्या जोडीचा कंडेन्सर तापला असेल तर मिनिटभराने काहीच होत नाही. वीस-तीस मिनिटं लागतात, मग मात्र ती बराच वेळ चांगली चालते. म्हणून थांबल्या थांबल्या टाकीचं झाकण उघडा, बंद करा आणि मिनिटभराने किक मारा. ‘फुस्स’ असा आवाज येऊन हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. झाकण उघडून तंबाखू मळत बसलात, तर या परीक्षेचा अर्थच गेला. उलट्या बाजूची परीक्षाही सोपी आहे: कॉइलवर ओला फडका पाच मिनिटं ठेवा. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत झालं, तर चोर सापडला.

फोंड्याचा माझा मेस्त आणखी एक सांगतो, “पात्रांव (मालक), उघडायच्या आधी वास घे.” स्पार्क प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल आलंय पण पेटलं नाही. कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोलच पोचलेलं नाही. यालाही एक फाटा आहे: वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई अडकून वाटी भरून वाहिली तरी प्लग ओलाच दिसतो, तेव्हा कार्बोरेटरखाली बोट फिरवून बघा. आणि प्लग हेडला टेकवून निळी ठिणगी दिसली म्हणून करंटला निर्दोष ठरवू नका. उघड्या हवेत मिलीमीटरभर फटीतून मरतुकडी ठिणगीही उडी मारते. सिलिंडरमध्ये दाबाखाली तेवढ्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. ही तपासणी प्लगच्या भोकापासून लांब आणि टाकीचं झाकण लावूनच करा. रस्त्याकडेला जळालेल्या गाड्यांच्या गोष्टी आपल्याकडे पुरेशा आहेत.

घरी तयारी करतानाही दोघांची वाट वेगळी. पेट्रोलची बाजू मोजता येते, म्हणून मला ती आवडते. तुमची गाडी ऐंशीच्या वेगाला लिटरमागे ३० किलोमीटर देत असेल, तर तिला मिनिटाला साधारण ४५ मिलिलिटर पेट्रोल लागतं. टाकीत दोनच लिटर ठेवा, झाकण घट्ट लावा, कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. पहिल्या मिनिटाला २०० मिलिलिटर आलं आणि पाचव्या मिनिटालाही तेवढंच येत असेल तर निश्चिंत. धार बारीक होत गेली तर झाकण, कॉकची जाळी किंवा टाकीतला गंज. झाकण उघडं ठेवून ही परीक्षा करणारे बरेच भेटतात. ज्याच्यावर संशय घ्यायचा, त्यालाच ते बाहेर बसवतात.

इथेनॉलचंही बघावं लागतं. २०२५मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्या हिशेबाने बनलेलं नाही. नळी, ओ-रिंग, कॉकचा वॉशर फुगतात किंवा चिरतात, त्यांचा चुरा जेटमध्ये जातो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अर्धी टाकी भरून पडवीत उभ्या ठेवलेल्या गाडीचा तळ म्हणजे पाण्याचं डबकंच. पावसाळ्यानंतर ते पेट्रोल सरळ काढून टाका, गाळून वापरायच्या भानगडीत पडू नका. तिसरी गोष्ट मिश्रणाची. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ पुरते. तोच जेट ठेवलात तर गाडी हलक्या (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रणावर चालते आणि जास्त तापते. मेन जेट एक नंबर मोठा घालून, भर वेगाला चालवून प्लगचा रंग बघून ठरवा. टू-स्ट्रोकवाल्यांनी तर हे चुकवूच नये. पिस्टन जाम झाला की पुढचा प्रवास टेम्पोतून.

करंटची बाजू अशी बाटलीत मोजता येत नाही. गार कॉइलला मल्टिमीटर लावला की आकडा मॅन्युअलप्रमाणेच दिसतो. ती गरम असताना मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतोच, ३० अंशांवरून ९०वर गेलं की वीस-बावीस टक्के वाढ साहजिक. तेवढ्यावरून चांगली कॉइल फेकू नका. आकडाच गायब झाला तर आतली तार तुटतेय. मात्र मल्टिमीटरची बॅटरी किरकोळ, हजारो व्होल्टला फुटणारं इन्सुलेशन ती पकडू शकत नाही. त्यामुळे खरी परीक्षा रस्त्यावरच: राज्याच्या उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत आणि परत, मधे चहासाठीसुद्धा इंजिन बंद न करता. जमलं तर चोर्ला घाट भर उन्हात, मागे माणूस बसवून.

पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी यांत्रिक स्विच असलेल्या) गाडीत पॉइंट खड्डे पडून जळालेले दिसले, तर फक्त पॉइंट बदलून थांबू नका, कंडेन्सर संशयित आहे. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये घासून बसते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे जातं. म्हणून नवा पॉइंट निघायच्या आदल्या दिवशी घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. सीडीआयवाल्या (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाडीत हाच तापण्याचा खेळ ठिणगीची वेळ सांगणारी पिकअप कॉइल करते. आणि बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमध्ये एक तिसरा चेहरा असतो: दिवसा झकास, हेडलाइट लावल्यावर दोनेक तासांनी मिसिंग. तिथे कॉइलला दोष देऊ नका. १२ व्होल्टच्या गाडीत मधल्या रेसला बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसत नसतील, तर चार्जिंग बघा.

पावसात दोन्ही पुन्हा सारखे दिसतात, कारण पाणी दोघांनाही नको असतं. टाकीत पाणी गेलं तर गाडी पाऊस थांबल्यावरही खोकते. प्लगकॅपमध्ये गेलं तर इंजिनच्या उष्णतेने थोड्या वेळात सुधारते. समुद्राच्या खाऱ्या हवेने कनेक्टरला हिरवा थर चढलेला असतोच. काळोख्या रात्री घरामागे गाडी चालू करा आणि इस्त्रीच्या फवाऱ्याने प्लगला जाणाऱ्या हायटेन्शन वायरवर हलकं पाणी उडवा, हात मात्र लांब ठेवा. जिथून करंट पळतो तिथे निळं जाळं नाचताना दिसेल.

सोबत न्यायच्या सुट्या भागांत लोक नवी कोरी पेटी भरतात. माझा हात उलटा चालतो. नवी कॉइल, नवा कंडेन्सर, नवा प्लगकॅप गाडीला घालून तीनशे किलोमीटर चालवायचे, आणि काढलेले जुने पण चालू भाग पिशवीत ठेवायचे. नवा भाग पेटीतूनच मेलेला निघू शकतो. जुना निदान काल चालत होता. पेट्रोलच्या बाजूला वावभर नळी, दोन क्लिपा, फ्लोटची सुई, वाटीचं पॅकिंग आणि जेट काढायचा स्क्रूड्रायव्हर पुरे. अनमोडला माझ्याकडे नवेकोरे चार जेट होते, कॉइल मात्र घरी फडताळात.