हॉटलाइन मायामी: चित्रशैली, तिचे प्रभाव आणि संग्राह्य आर्टवर्क

हॉटलाइन मायामी हा ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेला, वरून दिसणारा टू-डी इंडी (म्हणजे मोठ्या स्टुडिओशिवाय बनवलेला) व्हिडिओ गेम, आणि रक्तपात म्हणाल तर भरपूर. बनवणारे स्वीडनमधले दोघंच, योनातान सॉदरस्ट्रॉम उर्फ कॅक्टस आणि डेनिस वेदीन, टीमचं नाव डेनाटन गेम्स. पब्लिशर डिव्हॉल्व्हर डिजिटल.

कथा १९८९ च्या मायामीत घडते. फोनवर गूढ मेसेज येतो, हिरो प्राण्याचा मुखवटा चढवतो आणि सांगितलेल्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना संपवतो, आपल्यालाही एकच फटका बसला की खेळ खलास. हे मायामी आलं 'कोकेन काउबॉइज' या डॉक्युमेंटरीतून, आणि गप्प, थंड डोक्याचा हिरो 'ड्राइव्ह' (२०११) या सिनेमातून. त्याच्या दिग्दर्शकाचे, निकोलस विंडिंग रेफनचे, गेमच्या क्रेडिट्समध्ये आभारही मानलेत.

पिक्सेल तसे ओबडधोबडच आहेत, चेहरे तर धड दिसतही नाहीत, पण भिंतीबाहेरची पोकळी गुलाबी-निळी उजळत राहते, चालताना स्क्रीन किंचित कलते, जुनी व्हिडिओ कॅसेट लावल्यासारखं वाटतं आणि हिंसा बघता बघता नशेसारखी चढते. मग शेवटचा माणूस पडला की म्युझिक एकदम बंद, आणि त्याच प्रेतांमधून चालत गाडीपर्यंत परत जायचं. रंगांची खरी चलाखी इथे कळते, कारण मघाशी जे झगमगत होतं तेच आता किळसवाणं दिसतं.

कव्हरचं चित्र निकलस ओकरब्लाडचं, म्हणजे एल ह्युर्वोचं. हा चित्रकारही आणि संगीतकारही, साउंडट्रॅकमध्ये त्याचा ट्रॅक आहे आणि गेममधला दाढीवाला दुकानदार 'बिअर्ड' त्याच्यावरूनच काढलाय! पिक्सेलमध्ये न मावणारे चेहरे, घाम, रक्त हे सगळं कव्हरवर दिसतं, त्यामुळे ते नुसतं जाहिरातीचं चित्र वाटत नाही, गेमचाच राहिलेला भाग वाटतो. २०१६ मध्ये साउंडट्रॅकच्या तीन रेकॉर्डच्या व्हाइनल सेटसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे जमवले गेले. असा सेट घेणाऱ्या कित्येकांकडे रेकॉर्ड प्लेअर नसतोच म्हणा, कव्हर शेल्फवर लावायला मिळालं की झालं.

गेमच्या आतही गोळा करायला आहेच. मुखवटे आहेत, वाघाचा 'टोनी' घातला की नुसत्या बुक्कीने माणूस मरतो, घोड्याचा 'डॉन वान' घातला की दार आपटूनही. शिवाय लेव्हल्समध्ये कोपऱ्यात लपवलेले अक्षरांचे छोटे तुकडे, सगळे जुळवले की पासवर्ड तयार होतो आणि फोन करणारे नक्की कोण ते उलगडतं. पासवर्ड इथे सांगत नाही, शोधण्यातच मजा आहे.